हूक किती मागे? दोनचाकी ट्रॉलीच्या हुकाचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, कापायला काढला तेव्हाची गोष्ट. सव्वादोनशे घड भरलेली दोनचाकी ट्रॉली घेऊन आमचा मोठा पोऱ्या नाल्यातून वर येत होता. चढ फार नाही, आजोबांची बैलगाडी तिथून रोज जायची. अर्ध्या चढात ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. वीतभरच, पण सुटली. पोऱ्यानं घाबरून क्लच दाबला, तोंड धप्पकन खाली बसलं आणि सगळा डोलारा हातभर मागे सरकून थांबला. कोणाला लागलं नाही. पाच-सहा घड सांडले, तेवढंच नुकसान. पण मी बांधावर उभा राहून ते बघितलं होतं. त्या दिवशी मळ्यात भरीत-भाकरीचा बेत होता, भरताची वांगी खास आणलेली, आणि माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

ज्या हुकाबद्दल लिहितोय तो या घटनेच्या महिनाभर आधीच साडेसात हजार रुपये मोजून बसवून घेतला होता. हूक नवा, पिन नवी, प्लेट १६ एमएमची, बोल्टच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ चा आकडा. काही तुटलं नाही, वाकलं नाही, ढिलं झालं नाही. तरी ट्रॅक्टर उभा राहायला निघाला. मी अगदीच अडाणी माणूस नाही, शेती पूर्णवेळ करायच्या आधी एसटीच्या वर्कशॉपात अकरा वर्षं पाने फिरवले आहेत. म्हणून तर जास्त लाज वाटली.

आमचं शेत जळगाव जिल्ह्यात, सावदा आणि फैजपूरच्या मध्ये आहे. ट्रॅक्टर ४५ एच.पी.चा. ट्रॉल्या दोन: एक जुनी चारचाकी, एक चार वर्षांपूर्वी घेतलेली दोनचाकी. ज्यांच्याकडे फक्त चारचाकी आहे त्यांनी हे नाही वाचलं तरी चालेल. चारचाकीचा सगळा बोजा तिच्या स्वतःच्या चाकांवर असतो, पुढच्या चाकांवर वळायचं आडवं चक्र, म्हणजे टर्नटेबल असतं, हुकानं नुसतं ओढायचं. पण ती रिव्हर्स घेणं म्हणजे दुसऱ्याच्या म्हशीला मागे सारण्यासारखं आहे, आणि केळीच्या दोन ओळींमधून ती निघत नाही. म्हणून मळ्यात दोनचाकी लागते. दोनचाकीचं नाक ट्रॅक्टरच्या पाठीवर टेकलेलं असतं. तिथं हूक ओढतोही आणि वाहतोही.

आजोबांना हे माहीत होतं. कडबा भरून झाला की ते बैल जुंपायच्या आधी जू एका हातानं उचलून बघायचे. उचललं गेलं नाही तर पेंढ्या मागे सरकवायच्या, नाहीतर बैलांच्या मानेवर येतं. जू आपणहून वर जायला लागलं तर पेंढ्या पुढे, नाहीतर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलंडते. त्यांचा तोलकाटा म्हणजे तो एक हात. आणि मी मात्र प्लेट किती एमएमची ते विचारत हिंडत होतो.

सुरुवातीला आम्ही होलपट्टी वापरली. ट्रॅक्टरबरोबर आली होती, फुकट म्हणजे चांगली, असा हिशेब. ट्रॅक्टरमागे हायड्रोलिकनं वरखाली होणाऱ्या खालच्या दोन्ही लिंकांच्या मध्ये बसणारी ही भोकांची पट्टी हलक्या ओढकामाला ठीक आहे. भरलेल्या दोनचाकीला मुळीच नाही. पट्टी लिंकांवर लोंबकळत असते, म्हणजे ट्रॉलीच्या नाकाचं सगळं वजन हायड्रोलिकच्या माथी. आधाराच्या दांड्या लावून ती एका उंचीवर जखडता येते, पण त्या दांड्या आमच्या गावात मला एकाही ट्रॅक्टरला दिसल्या नाहीत. बहुतेकांच्या त्या पहिल्या पावसाळ्यातच गोठ्याच्या कुडाला टेकू म्हणून लागल्या. एकदा मडगार्डवर बसलेल्या मजुराचा गुडघा हायड्रोलिकच्या लिव्हरला लागला आणि चालत्या गाडीत ट्रॉलीचं नाक वर निघालं. मडगार्डवर माणूस बसवायचा नाही हा नियम आमच्या घरी त्या दिवसापासून आहे. होलपट्टी त्याच संध्याकाळी उतरवली.

मग कंपनीचा मूळ हूक. हा मागच्या हाउसिंगला, म्हणजे गिअर-एक्सलच्या पेटीला, पक्का बसवलेला असतो, वरखाली भोकं असतात, उंची बदलता येते. उंचीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण यात चूक करणारे मी रोज बघतो. ट्रॉलीची दांडी उंच आहे म्हणून हूक वरच्या भोकात नेऊ नका. मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा हूक खालीच हवा. वर गेला की प्रत्येक झटक्याला ट्रॅक्टरचं तोंड उचलायला मदत होते. दांडी उंच असेल तर दांडी बदला.

कंपनीचा हूक तसा उत्तम होता, अडचण आमच्या वळणाची. शेतातून गाडरस्त्याला लागताना काटकोनात वळावं लागतं. एका बाजूला पाटचारी, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचं कुंपण, आणि शेजारी कसा आहे ते इथं लिहीत नाही. पूर्ण वळवलं की ट्रॉलीचा पुढचा कोपरा ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला घासायचा. डावं मडगार्ड दोनदा चेपलं. टायरच्या कडेचं सालपट निघालं तेव्हा ठरवलं की आता हूक बदलायचा.

वर्कशॉप भुसावळच्या बाजूला आहे, नाव देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि स्तुतीही. मिस्त्रीनं ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडून पूर्ण वळवायला लावली, खाली वाकून फटीत हात घालून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, हूक फूटभर मागे घेऊन टाकू. मग खुशाल गरगर फिरवा." मला ते पटलं. फूटभर मागे, म्हणजे कोपरा फूटभर लांब. यात न पटण्यासारखं काय होतं?

काम मात्र झकास. हाउसिंगवर त्यानं एक टाकासुद्धा वेल्डिंग मारलं नाही. हाउसिंग बिडाचं असतं, त्यावर वेल्डिंग मारलं तर आज धरल्यासारखं दिसतं आणि पुढच्या हंगामात तिथूनच चीर जाते. त्यानं कंपनीच्याच भोकांत बोल्ट घेऊन प्लेट बसवली, गॅसनं कापलेल्या कडा घासून गुळगुळीत केल्या, पिन ईएन-८ या कडक पोलादाची टर्न करून आणली आणि पिनेच्या खाली लॉक पिन दिली. साध्या लोखंडाची पिन दोन हंगामांत मधोमध झिजून कमरेत बारीक होते, हे मी डझनभर ट्रॉल्यांना बघितलंय. तक्रार वेळेची. मंगळवारी देतो म्हणाला, पुढच्या सोमवारी दिला. रंग असा मारला की पहिल्या पाण्यात सालपट निघालं. आणि पिन हरवू नये म्हणून जी साखळी लावायची ती मागितल्यावर दिली, वर साठ रुपये लावले.

वळणाची कटकट संपली. कोपरा टायरला शिवत नव्हता. पण दोन-तीन खेपांनंतर पोऱ्या म्हणाला, "बाबा, स्टिअरिंग हलकं लागी राहिलं." मी म्हटलं, बरंच आहे की, पावर स्टिअरिंगसारखं. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. स्टिअरिंग हलकं लागणं म्हणजे पुढच्या चाकांवर वजन नाही. भरलेल्या दोनचाकीला जोडलेला ट्रॅक्टर तुम्हाला तोंडानं सांगत असतो, आणि आपण खूश होतो.

नाल्यातल्या प्रकारानंतर मी दुसऱ्या दिवशी तशीच भरलेली ट्रॉली घेऊन तोलकाट्यावर गेलो. काट्यावरच्या पोरानं पहिल्या दोन तोलांचे पैसे घेतले, पुढच्या तोलांचे वैतागून घेतलेच नाहीत. कसं मोजायचं ते सविस्तर सांगतो, कारण हे कोणी करत नाही. नुसता ट्रॅक्टर, ट्रॉली सोडून, ड्रायव्हरसकट: २,२४० किलो. त्यातली फक्त पुढची चाकं काट्यावर: ८२०. आता ट्रॉली जोडायची, पण काट्यावर फक्त ट्रॅक्टरची चारही चाकं घ्यायची, ट्रॉलीची चाकं काट्याबाहेर: ३,१२०. म्हणजे हुकावर बसलेलं वजन ८८० किलो. ट्रॉलीची चाकं एकटी काट्यावर: ४,७२०. दोन्ही मिळून भरलेली ट्रॉली ५,६०० किलोची. हुकावर सोळा टक्क्यांच्या आतबाहेर, जे दोनचाकीला काही जगावेगळं नाही. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन सपाट हवी, नाहीतर आकडा खोटा येतो.

मग शेवटचा तोल. ट्रॉली जोडलेलीच, आणि काट्यावर फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं. पाटीवर आकडा आला ४१०.

८२० चे ४१०. निम्मे. तेही सपाटीवर, उभ्या गाडीला. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे असा ढोबळ नियम आहे. आमच्या ट्रॅक्टरला तो ४५० किलोच्या आसपास येतो. आम्ही त्याच्या खाली होतो, आणि वर चढ, वर खड्डा, वर पोऱ्यानं दुसऱ्या गिअरमध्ये दिलेला झटका.

गणित पहारीचं आहे. पहारीनं दगड उचलताना आपण टेकू लावतो. ट्रॅक्टरची मागची चाकं म्हणजे टेकू. हुकावर ८८० किलो खाली दाबतात, तेवढ्या प्रमाणात दुसऱ्या टोकाचं तोंड वर येतं. कंपनीचा हूक एक्सलच्या मध्यापासून ६५ सेंटीमीटर मागे होता, मिस्त्रीनं तो ९५ वर नेला. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर आमच्या ट्रॅक्टरचं दोन मीटर. ८८० ला ९५ नं गुणून २०० नं भागा: ४१८. एवढं वजन पुढून गायब. जुन्या जागी असता तर २८६ गेलं असतं आणि पुढे सव्वापाचशेच्या वर उरलं असतं. वजन तेच, ट्रॉली तीच, फक्त हूक फूटभर सरकला. पहार लांब केली की दगड सोपा उचलतो हे कोणाही गड्याला माहीत असतं.

त्याच आठवड्यात माझ्या चुलत पुतण्याचा टेक्सासहून व्हिडिओ कॉल आला. तो तिथं नोकरीला आहे, आणि त्याच्या डोक्यात घर ओढत फिरायचं खूळ शिरलंय. तिकडे पिकअप म्हणजे आपली केळी-भाजीची छोटी गाडी नव्हे, लांबलचक बोनेटाची मोठी मोटार, मागे हौदा. त्या हौद्याच्या आत हूक बसवून त्यावर फिफ्थ व्हील ट्रेलर टेकवतात, ज्यात स्वयंपाकघर, पलंग, संडास सगळं. हौद्यात बसतो तो चपटा, मध्ये खाच असलेला तवा आणि ट्रेलरच्या नाकाखाली लोंबणारा, त्या खाचेत अडकणारा दोन इंची खुंटा, म्हणजे किंगपिन. आपल्या हायवेवर कंटेनरचा ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनगाडीच्या, म्हणजे घोड्याच्या मागे तसलाच तवा असतो, ग्रीसनं काळा झालेला. फिफ्थ व्हील हे नाव घोडागाड्यांच्या जमान्यातलं. चारचाकी बग्गीच्या पुढच्या धुऱ्यावर वळायला जे आडवं चक्र असायचं ते पाचवं चाक. म्हणजे आमच्या चारचाकी ट्रॉलीचं टर्नटेबल म्हणजेच खरं तर पाचवं चाक! मला हे कळल्यावर फार आनंद झाला, पुतण्याला काही विशेष वाटलं नाही.

तो विचारत होता की कुठला हूक घेऊ. विक्रेत्यानं सांगितलंय, तुमची पिकअप अकरा हजार पौंड ओढते, तुमचा ट्रेलर भरून दहा हजारांचा, काळजीचं कारण नाही. मी त्याला म्हटलं, बाळा, ती ओढेल, पण वाहील का? नाकावर किती बसतं ते विचार. आठ दिवस आधी हा प्रश्न मला स्वतःला पडला नसता. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के हिस्सा पिनेवर बसतो, मागच्या बंपरच्या गोळ्यावर ओढायच्या ट्रेलरपेक्षा जास्त. पाचवा हिस्सा धरला तर त्याचे २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो. माझे ८८०. मी फोनवर हसायला लागलो, त्याला कळेना का.

त्याच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक चिकटपट्टी असते, गाडीत माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्यावर १,८०० पौंड निघाले. त्यात तो, त्याची बायको, दोन पोरं, आणि शंभर ते अडीचशे पौंडांचा हूक स्वतः. ट्रेलर टेकवायच्या आधीच हिशेब फाटला. ओढायचा मोठा आकडा जाहिरातीत असतो, वाहायचा आकडा दाराआड. शेवटी त्यानं मोठ्या वर्गातली पिकअप घ्यायचं ठरवलं, आणि ते सुनेला कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

पण मला जे आवडलं ते वेगळंच. त्या लोकांनी हूक ट्रॅक्टरसारखा मागे लोंबकळत ठेवलेलाच नाही. किंगपिन बरोबर मागच्या एक्सलच्या डोक्यावर, किंवा इंच-दोन इंच पुढेच. पहारीला टेकूच्या पलीकडे लांबीच उरत नाही. नऊशे किलो बसले तरी पुढची चाकं हलकी होत नाहीत. म्हणून तसला ट्रेलर बंपरवर ओढायच्या ट्रेलरपेक्षा स्थिर चालतो, डुलत नाही.

आणि मग त्यांनाही आमचीच वळणाची कटकट! हूक पुढे घेतला की वळताना ट्रेलरचं नाक पिकअपच्या केबिनच्या मागच्या काचेवर जातं. आठ फुटी हौदा असला तर बहुतेक वेळा निभतं. साडेपाच-साडेसहा फुटी आखूड हौद्याला मग सरकता हूक घेतात. तो रस्त्यावर एक्सलवर राहतो आणि अंगणात वळवायचं असलं की मागे सरकतो. हातानं सरकवायच्या हुकाला थांबून लिव्हर ओढावी लागते, ट्रेलरचा ब्रेक धरून पिकअप पुढे घ्यावी लागते. आपोआप सरकणारा वळणाबरोबर स्वतःच मागे जातो, पण जड आणि महाग. ट्रेलरचं नाक कोपऱ्यात कापलेलं असेल तर साध्या हुकावरही काम भागतं. पुतण्यानं साडेसहा फुटी हौद्यासाठी हातानं सरकवायचा घेतला. मी त्याला एवढंच सांगितलं की जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक धरून एकदा पुढे ओढून बघ, आणि त्याआधी खाली वाकून हुकाचा जबडा किंगपिनेच्या गळ्याभोवती मिटलाय का ते डोळ्यांनी बघ. पिन जबड्याच्या वरच बसली तर जोडल्यासारखी दिसते आणि पहिल्या चढाला ट्रेलर हौद्याच्या कडांवर आपटतो. आमच्याकडे याचा धाकटा भाऊ म्हणजे लॉक पिन न लावलेली पिन.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी परत मिस्त्रीकडे गेलो. काट्याच्या पावत्या समोर ठेवल्या. आधी तो म्हणाला, "पुढं वजनाच्या प्लेटा टाका, सगळे टाकतात." टाकतात, खरं आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण दुखणं मागचं आणि पट्टी पुढे बांधायची, हे मला नको होतं. शिवाय ते वजन मोकळ्या ट्रॅक्टरलाही ओल्या काळ्या मातीत कायम ओढत फिरावं लागतं. मी म्हटलं, "हूक पहिल्या जागी आणा. वळायला जागा पाहिजे तर ट्रॉलीची दांडी लांब करा." तो पाच मिनिटं गप्प बसला. चहा मागवला. मग म्हणाला, "हे आधी सुचायला पाहिजे होतं." हा माणूस मला त्या एका वाक्यासाठी आवडतो.

दांडी फूटभर वाढवली. जोड नुसता टोकाला टोक लावून नाही, दोन्ही बाजूंनी पट्ट्या घेऊन. खर्च ३,२०० रुपये, हूक परत आत घ्यायचे पैसे त्यानं घेतले नाहीत. यात एक फायदा मला आधी लक्षातच आला नव्हता. दांडी लांबली की ट्रॉलीच्या चाकापासून हुकापर्यंतचं अंतर वाढतं, त्यामुळे हुकावर येणारा हिस्साही कमी होतो. परत काट्यावर गेलो, तेवढाच माल भरून. काट्यावरचं पोरगं मला बघून आत गेलं, त्याच्या बापानं तोल केला. हुकावर ७९०. पुढच्या चाकांवर ५६०. वळणाला कोपरा आणि टायर यांच्यात अजून चार बोटं जागा.

तोटाही आहे. गाडी फूटभर लांब झाली, वळणात ट्रॉलीची चाकं जास्त आत कापतात, पाटचारीच्या कडेचा एक दगड आम्हाला काढावा लागला. रिव्हर्सला मात्र पोऱ्या म्हणतो आता सोपी जाते, लांब दांडी चटकन मोडत नाही.

आता वर्ष झालं. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेला मृगबाग गेला, दुसरा कांदेबाग चालू आहे. २०१६ साली आमच्या जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण नाल्यातून डांबरीपर्यंत तिला अजून हीच ट्रॉली आणते, तेव्हा खेपा काही कमी झालेल्या नाहीत. प्लेट जशीच्या तशी. बोल्ट मी पहिल्या दहा खेपांनंतर एकदा आवळले, थोडे घेतले त्यांनी, नंतर नाही. पिन उत्तम. झिजली ती ट्रॉलीच्या दांडीची कडी, तिचं भोक लांबुळकं झालंय, रिकामी ट्रॉली असली की खडखड ऐकू येते. कडी मिस्त्रीची नव्हतीच, मूळ ट्रॉलीची, तरी पिन ईएन-८ ची देताना कडी मऊ आहे हे त्यानं सांगायला हवं होतं. ग्रीसबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. पोऱ्या म्हणतो लावा, मी म्हणतो आमच्या धुळीत ग्रीस म्हणजे पॉलिश पेपर. सध्या रोज पुसून थोडं लावायचं, असा तह आहे.

भरायची पद्धत बदलली आहे. घड आता पुढून मागे ओळीनं रचत नाही, चाकांच्या वर आधी रचतो आणि मग दोन्हीकडे पांगवतो. उतरवताना फक्त मागून उतरवत गेलं तर नाकावरचा हिस्सा वाढत जातो, फक्त पुढून उतरवलं तर ट्रॉली उलाळ होऊन हूक वर ओढते, आणि त्याच वेळी कोणी पिन काढली तर दांडी उसळून तोंडावर येते. मजुरांना हे आजोबांच्या शब्दांत सांगितलं की पटकन कळतं. नाल्याच्या उतारावर न्यूट्रल मारायची नाही, आणि डांबरीवर लागायच्या आधी दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना अडकवायची. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, मागून साडेपाच टन ढकलत येतात.

वर्कशॉपला पाचपैकी साडेतीन. कामाला साडेचार दिले असते, वेळेचा एक कापला. पहिल्यांदा वळण मोजलं पण वजन विचारलं नाही त्याचे अर्धे गुण मी माझ्या आणि त्याच्या खात्यात वाटून टाकतो. तुमच्याकडे दोनचाकी असेल आणि हूक मागे घ्यायला कोणी सुचवलं, तर आधी टेपानं एक्सलच्या मध्यापासून पिनेपर्यंत मोजा, आणि भरलेली ट्रॉली एकदा काट्यावर न्या. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.

कडी बदलायला शनिवारी बोलावलंय. म्हणजे बुधवार धरून चालतो.